फेस म्हणजे वायू नव्हे!

विशेष प्रतिनिधी

हौसेने घरी बिअर बनवणाऱ्याची खरी परीक्षा चुलीपाशी होत नाही. माल्ट भिजवणे, काढा उकळणे, त्यात हॉप्स घालणे, यीस्ट सोडून दोन-तीन आठवडे आंबवणे या साऱ्या पायऱ्या पुस्तक समोर ठेवून सांभाळता येतात. परीक्षा होते ती शेवटच्या आठवड्यात. तयार झालेली बिअर पोलादी पिंपात, म्हणजे केगमध्ये भरलेली असते. केग फ्रिजमध्ये असतो आणि त्याला कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जोडलेला असतो. मोठ्या अपेक्षेने नळ उघडावा, तर ग्लासात तीन चतुर्थांश नुसता फेस! फेस बसल्यावर तळाशी उरलेला घोट चाखावा, तर तो मात्र सपक, गार झालेल्या काढ्यासारखा. आता यात वायू जास्त झाला म्हणायचे की कमी?

बहुतेक जण ‘जास्त झाला’ असे समजून सिलिंडरवरचा दाब कमी करतात. चार दिवसांनी फेस तेवढाच राहतो, बिअर मात्र आणखी सपक होते. मग दाब आणखी उतरवला जातो. असे दोन-तीनदा झाले की महिनाभराच्या मेहनतीची एकोणीस लिटर बिअर मोरीत ओतण्याची वेळ येते. दोष ना माल्टचा असतो ना यीस्टचा. ग्लासात दिसणारा फेस आणि बिअरमध्ये विरघळलेला वायू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच लक्षात आलेले नसते.

हा छंद प्रामुख्याने अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया येथला. आपल्याकडे तो कायद्यात बसत नाही, हे आधीच सांगितलेले बरे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. मग ते विकण्यासाठी असो वा घरच्यापुरते. ब्रिटनमध्ये घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना १९६३ मध्ये रद्द झाला. अमेरिकेत अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८ मध्ये यासंबंधीच्या विधेयकावर स्वाक्षरी केली आणि पुढच्या फेब्रुवारीपासून घरगुती बिअर करमुक्त झाली. मर्यादा अशी की, एका प्रौढ व्यक्तीच्या घरात वर्षाला १०० गॅलन, दोन वा अधिक प्रौढ असतील तर २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७६० लिटर. आणि विक्री अजिबात नाही. राज्यांनी मात्र आपापल्या गतीने हे मान्य केले. मिसिसिपी आणि अलाबामा या शेवटच्या दोन राज्यांत त्यासाठी २०१३ उजाडावे लागले.

महाराष्ट्रात हेच शास्त्र वापरले जाते ते परवानाधारक मायक्रोब्रुअरींमध्ये. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेली ‘डुलाली’ ही त्यातली सुरुवातीची. (जाता जाता : हा इंग्रजी शब्द मुळात आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा! मायदेशी परतण्यासाठी बोटीची वाट पाहत देवळालीच्या छावणीत अडकून पडलेल्या ब्रिटिश सैनिकांच्या डोक्यावर परिणाम होई, त्यावरून ‘चक्रम’ या अर्थाने तो रूढ झाला.) तेथील टाक्या शेकडो लिटरच्या असतात. पण वायू, दाब आणि तापमान यांचे नाते अमेरिकेतल्या गॅरेजमधल्या एकोणीस लिटरच्या केगला जसे लागू आहे, तसेच त्यांनाही.

बाटलीकडून केगकडे

बिअरमध्ये वायू येतो कोठून? यीस्ट साखर खाते तेव्हा अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड या दोन्ही गोष्टी तयार होतात. उघड्या किंवा अर्धवट बंद भांड्यात आंबवताना यातला बहुतेक वायू उडून जातो. वीस अंश सेल्सिअसला आंबवलेल्या बिअरमध्ये शेवटी जो उरतो, तो पिण्यासाठी लागणाऱ्या वायूच्या जेमतेम एक तृतीयांश. उरलेला नंतर भरावा लागतो.

यासाठीची जुनी पद्धत बाटलीची. बाटलीत भरण्यापूर्वी बिअरमध्ये मोजून साखर मिसळायची. एकोणीस लिटरला साधारण १२० ग्रॅम. बाटलीतले यीस्ट ती खाते आणि कोंडलेला वायू बिअरमध्येच विरघळतो. पद्धत स्वस्त आहे, पण एकदा बूच लावले की हातात काही उरत नाही. साखर नीट ढवळली गेली नाही, किंवा आंबण्याची क्रिया अपुरी असतानाच बिअर भरली, तर एक बाटली सपक आणि दुसरी फुटणारी, असा प्रकार होतो. बंद कपाटात काचेची बाटली फुटणे ही गमतीची गोष्ट नव्हे.

केगमध्ये वायू बाहेरून येतो आणि चूक झाली तर दुरुस्त करता येते. घरगुती मंडळी वापरतात ते केग मुळात शीतपेयांच्या धंद्यातले. पाच अमेरिकी गॅलनचे, म्हणजे सुमारे १९ लिटरचे हे उंच, निमुळते पोलादी डबे एकेकाळी पेप्सी आणि कोका-कोलाचा पाक हॉटेलांपर्यंत पोचवत असत. पुढे तो पाक खोक्यातल्या प्लास्टिकच्या पिशव्यांमधून येऊ लागला, डबे भंगारात निघाले आणि हौशी मंडळींचे फावले. डब्याला दोन तोंडे असतात. एकातून वायू आत जातो. दुसऱ्याला जोडलेली नळी थेट तळापर्यंत गेलेली असते, तिच्यातून बिअर वर येते. झाकणावर दाब मोकळा करण्याची छोटी झडप असते. सारी यंत्रणा एवढीच.

किती वायू हवा?

बिअरमधला वायू ‘आकारमानां’मध्ये मोजतात. एक लिटर बिअरमध्ये शून्य अंश तापमानाचा, नेहमीच्या हवेच्या दाबाचा एक लिटर कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असेल, तर ते एक आकारमान. वजनात सांगायचे तर लिटरला जवळपास दोन ग्रॅम. अमेरिकी पद्धतीच्या बहुतेक बिअरमध्ये सव्वादोन ते पावणेतीन आकारमाने वायू असतो. बव्हेरियातल्या गव्हाच्या बिअरमध्ये तो साडेतीन किंवा त्याहूनही अधिक, तर इंग्लंडमधल्या लाकडी वा धातूच्या पिंपातून थेट ओढल्या जाणाऱ्या एलमध्ये जेमतेम एक ते दीड.

आकड्यांचा हा फरक जिभेला लगेच कळतो. विरघळलेला वायू किंचित आंबट, चुरचुरीत चव देतो, गोडवा कापतो आणि सुगंध नाकापर्यंत उचलून नेतो. तीच बिअर वायू कमी असताना गोडसर, जड लागते आणि वायू जास्त झाला की पातळ व बोचरी लागते. घरगुती बिअरबद्दल ‘चव जमली नाही’ अशी जी तक्रार असते, तिच्या मुळाशी अनेकदा कृती नसून हा आकडा असतो.

तापमान, दाब आणि सबुरी

१८०३ मध्ये मँचेस्टरच्या विल्यम हेन्री यांनी एक नियम मांडला. द्रवात विरघळणाऱ्या वायूचे प्रमाण हे त्या वायूच्या द्रवावरील दाबाच्या प्रमाणात असते. यात तापमानाची भर घालावी लागते, कारण द्रव जितका थंड तितका वायू अधिक विरघळतो. उन्हात तापलेली सोड्याची बाटली उघडताना हात भिजतात आणि फ्रिजमधली उघडताना भिजत नाहीत, तो हाच अनुभव.

म्हणजे बिअरचे तापमान आणि वायूचा दाब हे दोन आकडे पक्के केले की तिसरा, बिअरमधल्या वायूचा आकडा आपोआप ठरतो. ग्लासात फेस किती, नळ कोणता, नळी किती लांब, यांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.

उदाहरण घेऊ. दाब मोजायचा तो दर चौरस इंचाला किती पौंड यात. पेट्रोल पंपावर आपण ‘तीस-बत्तीस हवा भर’ म्हणतो, तो आकडा याच मापातला. आणि आपला प्रेशर कुकर साधारण पंधरा पौंडांच्या आसपास शिट्टी देतो. बिअर चार अंशांवर असेल आणि रेग्युलेटर बारा पौंडांवर लावला, तर बिअरमध्ये अडीच आकारमाने वायू मुरेल. बहुतेकांना हवा असतो तो नेमका एवढाच. आता दाब तोच ठेवून फ्रिज दोन अंशांवर नेला तर वायू २.७ होईल. उलट केग बारा अंशांच्या तळघरात ठेवला, तर त्याच बारा पौंडांवर जेमतेम १.९. वीस अंशांच्या खोलीत अडीच आकारमाने हवीत, तर दाब २९ पौंडांपर्यंत चढवावा लागेल. म्हणूनच ‘बारावर ठेव’ हा सल्ला तापमान न सांगता दिला तर निरुपयोगी ठरतो.

तापमान म्हणजे बिअरचे तापमान, फ्रिजमधल्या हवेचे नव्हे, हेही येथे सांगायला हवे. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू-बंद होताना आतली हवा तीन-चार अंशांनी वर-खाली होते, तर एकोणीस लिटर बिअर जागची हलत नाही. ग्लासभर पाणी केगशेजारी रात्रभर ठेवून त्यात तापमापक बुडवला, तर बराच खरा आकडा मिळतो.

आणखी एक बारकावा. रेग्युलेटरचा काटा बाहेरच्या हवेच्या वर किती दाब आहे, एवढेच दाखवतो. वायू मात्र एकूण दाबानुसार विरघळतो. समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटर उंचीवरच्या डेन्व्हरमध्ये मुळात हवेचाच दाब कमी, त्यामुळे तेथल्या माणसाला काटा सुमारे अडीच पौंड वर ठेवावा लागतो. आपले पुणे साडेपाचशे मीटरवर आहे. त्या उंचीला हा फरक जेमतेम एक पौंडाचा.

आता प्रश्न वेळेचा. नियम सांगतो तो शेवटी कोठे पोचणार हे. किती दिवसांत, ते सांगत नाही. वायू बिअरच्या पृष्ठभागातून आत शिरतो आणि उभ्या, निमुळत्या केगमध्ये हा पृष्ठभाग एका ताटलीएवढा असतो. बारा पौंडांवर लावून सोडून दिले, तर आठवड्याने बिअर पिण्याजोगी होते आणि दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस पूर्ण मुरते. ही सर्वांत संथ रीत, पण हीत चूक होऊच शकत नाही. कारण बारा पौंड जेवढा वायू मुरवू शकतात त्याच्या पुढे तो जाणारच नाही.

घाई असणारे तीस पौंडांवर चोवीस ते छत्तीस तास ठेवतात, मग जादा दाब झडपेतून सोडून बारावर आणतात. याने काम दोन-तीन दिवसांत होते. मात्र तीस पौंडांवर केग विसरला गेला, तर चार अंशांना वायू चार आकारमानांच्या पुढे जातो आणि नळातून बिअरऐवजी साबणाचे पाणी आल्यासारखे वाटते. तिसरा मार्ग केग हलवण्याचा. हलवल्याने पृष्ठभाग वाढतो आणि वायू भराभर शिरतो. येथेही बहुतेक जण तीस पौंड लावून हलवतात आणि कधी थांबायचे ते कळत नाही. त्यापेक्षा दाब बारावरच ठेवून केग आडवा करावा आणि हवा तेवढा वेळ हलवावा. वेळ थोडा जास्त लागतो. पण हलवण्याने वेग वाढतो, मर्यादा नाही. नंतर केग काही तास उभा स्वस्थ ठेवला की झाले.

अर्थात, केग भरल्यावर आधी वरच्या मोकळ्या जागेतली हवा बाहेर काढावी लागते. वायू भरायचा, झडप उघडून सोडायचा, असे सहा-सात वेळा. ही हवा तशीच राहिली, तर तिच्यातला ऑक्सिजन बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव आणतो. मग वायूचे गणित कितीही अचूक असून उपयोग नाही.

नळीचे कोडे

आता सुरुवातीच्या कोड्याकडे येऊ. केगमध्ये वायू योग्य, तरीही ग्लासात फेसच फेस का?

केगमधली बिअर बारा पौंडांच्या दाबाखाली आहे. ग्लासात पोचते तेव्हा तिच्यावर हा जादा दाब शून्य असतो. बारावरून शून्यावर ती एका झटक्यात आली, तर विरघळलेला वायू तेथल्या तेथे सुटा होतो आणि फेस बनून फुगतो. तीच घसरण नळीच्या लांबीत हळूहळू झाली, तर वायू बराचसा बिअरमध्येच राहतो आणि वर बोटभर फेस येतो. केगपासून नळापर्यंतची नळी नुसती बिअर वाहून नेत नाही. घर्षणाने दाब उतरवणे हेच तिचे मुख्य काम.

घरगुती मांडणीत सुमारे पावणेपाच मिलिमीटर आतील व्यासाची नळी वापरतात. कोष्टकांमध्ये तिचा अडथळा फुटामागे दोन ते तीन पौंड दिलेला असतो. त्याशिवाय नळ केगपेक्षा जितका उंच, तितका फुटाला सुमारे अर्धा पौंड वजा होतो. या हिशेबाने बारा पौंडांना पाच-सहा फूट नळी पुरायला हवी. अनुभव मात्र निराळा आहे. घरी एका वेळी एकच ग्लास भरायचा असतो, नळी आणि नळ मधल्या वेळात कोमट झालेले असतात. त्यामुळे जाणती मंडळी सरळ दहा फूट, म्हणजे तीन मीटर नळी घेतात आणि तिची गुंडाळी फ्रिजमध्येच ठेवतात. नळी गरजेपेक्षा लांब झाली, तर नुकसान एवढेच की ग्लास भरायला दोन-चार सेकंद जास्त लागतात. आखूड झाली, तर अर्धी बिअर फेसात जाते. येथे काटकसर कसली करायची? अर्ध्या लिटरचा ग्लास आठ-दहा सेकंदांत भरावा, हे माप ठीक. दुकानदाराने त्याच लांबीची, पण सव्वासहा मिलिमीटरची नळी दिली, तर अडथळा एकदम तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येतो आणि सारे गणित कोसळते. दिसायला दोन्ही नळ्या सारख्याच!

सपक बिअरचा उलगडाही येथेच आहे. आखूड नळीतून सुटलेला वायू फेसात निघून गेला, म्हणून खालची बिअर सपक. केगमध्ये वायू कमी नव्हताच. तो ग्लासात पोचण्याआधी उडाला. आणि उपाय म्हणून दाब कमी केला, की नवे दुखणे सुरू होते. बिअरमध्ये मुरलेला वायू अडीच आकारमानांचा, पण वरचा दाब आता सहा पौंडांचा. तेवढ्या दाबाला तो धरून ठेवता येत नाही, म्हणून वायू नळीतच सुटू लागतो. पारदर्शक नळीत बिअरमध्ये अधूनमधून पोकळ जागा दिसतात, त्या याच. नळ उघडताच त्या फुसफुसत बाहेर येतात. म्हणजे दाब कमी करूनही फेस कायम! दरम्यान केगमधली बिअर हळूहळू सहा पौंडांच्या पातळीवर घसरत खरोखरीच सपक होत असते. आठवड्यापूर्वी जो नुसता भास होता, तो आता खरा आजार झालेला असतो. दाब तापमानावरून ठरवायचा आणि नळी दाबावरून. हा क्रम उलटा केला, म्हणजे नळी सोयीची घेऊन तिच्यासाठी दाब बदलत बसले, की या चक्रातून सुटका नाही.

फेसाची इतर कारणेही तपासावीत. पहिलाच ग्लास फेसाळ आणि पुढचे ठीक असतील, तर नळाचा खांब तापलेला आहे. नळ अर्धवट उघडला तर तेथील अरुंद फटीत बिअर घुसळली जाते. नळ एका दमात पूर्ण उघडावा आणि ग्लास तिरका धरावा. नळीत साचलेला मळ, हॉप्सचे कण यांना वायूचे बुडबुडे चिकटून वाढतात, म्हणून नळ्या दर केगनंतर धुवाव्यात. ग्लासाला तेलकटपणा असेल तर फेस लगेच मरतो. आणि आतल्या कडांना बुडबुडे चिकटलेले दिसले, तर ग्लास नीट धुतलेला नाही असे खुशाल समजावे. बारमध्येही!

शंका राहिलीच तर केगलाच विचारावे. सिलिंडर बंद करून केगवर दाबमापक लावायचा, केग थोडा हलवून स्थिर होऊ द्यायचा. तो जो दाब दाखवेल त्यावरून आणि बिअरच्या तापमानावरून आत खरा वायू किती, ते कोष्टकात पाहता येते. तो खरोखर जास्त निघाला, तर सिलिंडर बंदच ठेवून दर काही तासांनी झडप उघडून वायू सोडावा. नुसता रेग्युलेटर उतरवून काही होत नाही, कारण रेग्युलेटर वायू आत घालतो, बाहेर काढत नाही. उलट एकेरी झडप नसेल, तर बिअर वायूच्या नळीत चढून रेग्युलेटरपर्यंत पोचते आणि तो चिकटून बसतो.

सगळ्यांना अडीचच हवे असे नाही

‘योग्य’ वायू किती, यावरून ब्रिटनमध्ये चळवळ उभी राहिली होती. साठच्या दशकात तेथील मोठ्या कंपन्यांनी पिंपात जिवंत यीस्टसह मुरणाऱ्या एलऐवजी गाळलेली, पाश्चरीकरण केलेली, थंडगार आणि वायू भरलेली केग बिअर पबमध्ये आणली. कंपन्यांना ती टिकाऊ आणि सोयीची; पिणाऱ्यांतल्या अनेकांना मात्र ती सोडावॉटर वाटली. १९७१ मध्ये चौघा तरुणांनी ‘कॅम्रा’ ही ग्राहक संघटना काढली आणि पारंपरिक एल वाचवण्याचा प्रश्न लावून धरला. आज जी पिंपातली एल ब्रिटिश पबांत मिळते, तिचे बरेचसे श्रेय या संघटनेला जाते. घरच्या केगमध्ये तशी बिअर हवी असेल, तर बारा अंशांवर जेमतेम दोन पौंड दाब पुरतो. चार अंशांवर बारा पौंड लावून तिचा लेमोनेड करणाऱ्यांनी नंतर कृतीला नावे ठेवू नयेत.

दुसरे टोक गव्हाच्या बिअरचे. साडेतीन आकारमानांसाठी चार अंशांवर सुमारे २२ पौंड लागतात आणि नळीही त्या प्रमाणात लांबवावी लागते. एकाच फ्रिजमध्ये दोन प्रकारच्या बिअर ठेवणाऱ्यांना म्हणूनच दोन रेग्युलेटर आणि दोन लांबीच्या नळ्या बाळगाव्या लागतात.

गिनेसची गोष्ट आणखी वेगळी. तिचा सायीसारखा फेस कार्बन डायऑक्साइडचा नव्हे, मुख्यतः नायट्रोजनचा. १९५९ मध्ये मायकल ॲश या केंब्रिजला शिकलेल्या गणितज्ञाने गिनेससाठी ही युक्ती बसवली. नायट्रोजन बिअरमध्ये अगदी थोडा विरघळतो. त्यामुळे सुमारे तीन चतुर्थांश नायट्रोजन आणि उरलेला कार्बन डायऑक्साइड असे मिश्रण तीस-पस्तीस पौंडांवर लावले, तरी बिअरमध्ये कार्बन डायऑक्साइड सव्वा आकारमानाच्या आसपासच राहतो. नळातल्या बारीक भोकांच्या चकतीतून बिअर जोराने गेली, की नायट्रोजनचे सूक्ष्म बुडबुडे सुटतात. बिअर जवळपास निर्वायू आणि फेस मात्र दाट! फेस आणि वायू वेगळे असल्याचा याहून ठसठशीत पुरावा शोधायला नको.

सिलिंडरशी खेळ नको

केगमधला दाब कुकरएवढा असला, तरी त्याच्यामागचा सिलिंडर कुकर नव्हे. वीस अंशांना सिलिंडरच्या आत आठशे पौंडांहून अधिक दाब असतो. रेग्युलेटरशिवाय तो केगला जोडणे म्हणजे जिवाशी खेळ. सिलिंडर उभा, साखळीने बांधलेला असावा आणि उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत कधीही सोडू नये.

गळतीचा धोका अधिक छुपा. कार्बन डायऑक्साइडला वास नसतो आणि तो हवेपेक्षा जड असल्याने तळघरात साचतो. पाच पौंडांच्या भरलेल्या सिलिंडरमध्ये सुमारे सव्वादोन किलो वायू, म्हणजे मोकळा झाल्यावर बाराशे लिटरहून अधिक. दहा फूट बाय दहा फुटांच्या बंद खोलीत तो सगळा एकदम सुटला, तर हवेतले त्याचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास जाईल. चार टक्के ही पातळी अमेरिकेच्या कामगार सुरक्षा निकषांनुसार जिवाला तात्काळ धोकादायक समजली जाते. सिलिंडर ठेवण्याच्या जागेला खिडकी हवी, आणि तळघर असेल तर वायूचा इशारा देणारे यंत्रही.

गळती शोधण्याची रीत आपल्या स्वयंपाकघरातलीच आहे. प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावायचे आणि फुगे येतात का ते पाहायचे. झाकणाचे रबर पक्के बसावे म्हणून नवा केग प्रथम काही सेकंद तीस पौंडांवर न्यावा, मग उतरवावा. सिलिंडर संपत आला का, हे मात्र काट्यावरून कळत नाही. घरगुती गॅसप्रमाणेच आत द्रव असतो आणि त्याचा शेवटचा थेंब संपेपर्यंत दाब बहुतेक तेवढाच राहतो. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवावा आणि त्यावर कोरलेले रिकामे वजन वजा करावे. एकोणीस लिटर बिअरमध्ये वायू मुरवायला साठेक ग्रॅम आणि ती ग्लासांत ढकलायला आणखी तेवढाच, असा केगमागे १२५-१३० ग्रॅमचा खर्च. म्हणजे पाच पौंडांच्या सिलिंडरमधून कागदावर सतरा केग निघतात. केगमधली हवा काढताना जाणारा वायू धरला की काही कमी. तिसऱ्या-चौथ्या केगलाच सिलिंडर रिकामा झाला, तर साबणाचे पाणी पुन्हा करायला घ्यावे.